कापराची फळी

फेब्रुवारीत जा, गुरू सांगायचे,
बर्फ गुडघ्याशी असताना.
तेव्हा गिऱ्हाईक फिरकत नाही,
आणि वखारवाला कंटाळून खरं बोलतो.

म्हणून मी फेब्रुवारीत इनामीचा उतार उतरते,
नुनोमेंच्या वखारीत. कुलूप निघायच्या आधीच
वास गाठतो. कापूर.
जाळायचा नव्हे. उभा वाढलेला,
दोन माणसांच्या कवेत न मावणारा,
क्यूशूच्या दक्षिणेकडून ट्रकनं आलेला कापूर.

फळ्या सगळ्या सारख्याच दिसतात.
मी डोळे मिटते, बोटाच्या सांध्यानं ठोकत जाते
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आत कुणी झोपलंय अशा घराचं
दार वाजवावं तसं.
आवाज बसला, तिथं भेग.
डोळ्यांना ती पुढच्या उन्हाळ्यात दिसेल.

मग ओल्या फडक्याचा एकच हात.
नस वर येते.
कापराची नस नाकासमोर चालत नाही,
डावीकडे कलते, मध्येच उलटी फिरते,
तिथं पटाशी ढलपी काढत नाही,
लचका तोडते.
पक्ष्याची मान कुठे, ते तू नको ठरवूस,
गुरू म्हणायचे. नस वाकते तिथे मान.
(एकदा ऐकलं नाही. तो बगळा
माझ्या न्हाणीघरात आहे, मानेविना.
त्याच्यावर टॉवेल वाळतो.)

त्या वर्षीचं काम कानाझावाच्या दंतवैद्याचं.
दोन खोल्यांमधल्या सरकत्या दारांवर
उठावाची पट्टी. उमेची फांदी, दोन पक्षी.
अशी कामं आता वर्षाला एखाददुसरं.
नव्या घरांत दारावर तेवढी जागा
एसीसाठी सोडतात.

चाळीसेक फळ्या उलथल्यावर
दोन उरल्या.
एक चार बोटं जाड, सात वर्षं सावलीत वाळलेली,
गाठ नाही, डाग नाही, रंग मधाचा.
भाव ऐकून मी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

दुसरी भिंतीकडे तोंड करून उभी होती.
शाळेतलं झाड, नुनोमे म्हणाले,
कागोशिमाच्या पलीकडचं कुठलं तरी गाव.
शेवटच्या वर्षी पटावर तीन मुलं होती,
शिक्षक दोन. मग पटांगण विकलं,
त्याच्यासोबत झाडही.
चिरताना पातं किंचाळलं. आत लोखंडी कडी.
झोपाळ्याची असणार.
झाडानं गिळली होती.

मी फळी वळवली. कडीच्या कापलेल्या तोंडाभोवती
काळंनिळं पसरलेलं, वहीवर
दौत लवंडावी तसं.
ठोकलं. सगळीकडे स्वच्छ आवाज,
कडीजवळ तेवढा बुटका.

विचार केलाच मी.
लोखंडाला धार लागली की धार गेली,
आणि माझी बारीक पटाशी गुरूंची,
झिजून नखाएवढी उरलेली.
शिवाय दंतवैद्याला काळा डाग चालणार नाही,
त्याचा धंदाच तो.

पहिली घेतली.
बिल करताना म्हटलं, दुसरीही टाका गाडीत.
नुनोमेंनी अर्ध्याहून कमी लावले,
वर चहा केला,
का म्हणून विचारलं नाही.

दंतवैद्याचे पक्षी केव्हाच गेले.
माना ठीक बसल्या होत्या.
दुसरी फळी माझ्या शेडमध्ये उभी आहे,
कडीची बाजू वर.
लोक विचारतात, हिचं काय करणार?
मी सांगते, अजून ओली आहे.

परवा माझ्या शिकाऊ पोरानं, योजीनं,
न विचारता ओलावा मोजायचं यंत्र टेकवलं.
नऊ टक्के.
त्यानं आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
यंत्र बिघडलंय, मी म्हटलं,
आणि शेगडीवर किटली ठेवली.